रोडिओचे फोटो दर वेळी हललेले येतात: नवी लेन्स घेण्याआधी करायच्या तपासण्या

लक्षणे

रोडिओ, म्हणजे काऊबॉयांच्या घोडे, बैल आणि दोराच्या स्पर्धा, संपवून घरी यावे, कार्ड संगणकाला लावावे आणि चारशे फोटोंतून कसेबसे वीस ठेवण्याजोगे निघावेत, हा अनुभव ज्यांना एकदा नव्हे तर दर वेळी येतो त्यांच्यासाठी ही नोंद आहे. कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर स्वच्छ वाटलेले फोटो मोठे केले की घोड्याचे तोंड पुसट दिसते, दोराचा फास हवेत विरून गेलेला असतो, आणि पलीकडच्या कुंपणावरची खताच्या दुकानाची जाहिरात मात्र फोन नंबरासकट वाचता येते. काहींच्या फोटोत कुठेच काही स्पष्ट नसते. काहींना सलग सहा फोटोंत दोन पिवळट, एक काळसर आणि बाकीचे ठीक अशी सरमिसळ मिळते. काहींचे संध्याकाळचे पहिले फोटो उत्तम येतात आणि शेवटच्या बुल रायडिंगचे, म्हणजे उधळत्या बैलावर बसून राहण्याच्या स्पर्धेचे, सगळे वाया जातात. आणखी एक लक्षण असे की फोटोत तांत्रिक दोष काहीच नसतो. फक्त एका फोटोत फास डोक्यावर फिरतो आहे आणि पुढच्या फोटोत गोऱ्ह्याचे मागचे पाय ताणूनही झालेले आहेत, मधले काहीच नाही.

उत्तर टेक्ससमध्ये राहायला आल्यापासून गेली सात वर्षे मी सुट्टीच्या दिवशी जवळपासच्या गावांतले रोडिओ आणि रोपिंगचे (जनावराला दोराच्या फासात धरण्याचे) सराव टिपतो. कॅमेरा सेकंडहँड आहे आणि लेन्स त्याच्याबरोबर आलेली आहे. हा दोष मी स्वतःच्या आणि इथल्या मित्रांच्या कॅमेऱ्यांत इतक्या वेळा निस्तरला आहे की आता मोजत नाही. त्या सगळ्यांत लेन्स खरोखर बिघडलेली निघाली ती एकदाच. तरीही प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘कोणती लेन्स घेऊ?’ हाच असतो. म्हणून पुढचा क्रम फुकट उपायांपासून सुरू होऊन खर्चाकडे जातो, आणि तो उलटा करू नये.

फोटो नेमका कसा बिघडला आहे ते आधी ओळखा

खराब फोटोंपैकी एक संगणकावर शंभर टक्के आकारात उघडा आणि त्यात कुठलीतरी चकाकणारी वस्तू शोधा. स्वाराच्या पट्ट्याचे बक्कल, लगामाची कडी किंवा रिकिबीची धातूची कड यांवरच्या प्रकाशाच्या ठिपक्यांकडे नीट पाहा. ठिपका लांबून रेघ झाला असेल तर काहीतरी हलले आहे. तो फुगून गोल, मऊ झाला असेल तर फोकस चुकला आहे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे काम होते, कारण हलण्यावरचा उपाय आणि फोकसवरचा उपाय यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

रेघच असेल तर तिची दिशा पाहा. कुंपण, माती, घोडा या सगळ्यांवर एकाच दिशेची रेघ असेल तर आपला हात हलला आहे. कुंपण स्थिर आणि खूर, शेपटी, दोर तेवढे ओढल्यासारखे असतील तर शटरचा वेग कमी पडला आहे. घोडा स्पष्ट आणि मागचे कुंपण आडवे पुसलेले असेल, तर कॅमेरा घोड्याबरोबर फिरल्याचा तो पुरावा आहे. असा फोटो कृपया टाकून देऊ नका.

काच

हसू नका. एका मित्राने दोन रोडिओ वाया घालवले, आणि कारण होते लेन्सच्या पुढच्या काचेवर उमटलेला, उन्हात लावायच्या क्रीमचा अंगठा. रिंगणातली माती पीठासारखी बारीक असते आणि तिच्यात वाळूचे कण असतात, म्हणून आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी आणि मगच कापड लावावे. कोरडे कापड थेट फिरवले तर वाळूच काच घासते. स्वस्त संरक्षक फिल्टर लावलेला असेल तर तो रात्रीपुरता काढून ठेवावा, कारण प्रखर दिव्यांखाली तो दिव्यांची भुतासारखी प्रतिबिंबे उमटवतो आणि सगळा फोटो धुरकट करतो. रिंगणाजवळ लेन्स बदलू नये, आणि फोटो काढत नसताना कॅमेऱ्यावर साधी प्लास्टिकची पिशवी असावी.

शटर

प्रत्येक फोटोबरोबर त्याचा शटर स्पीड (शटर सेकंदाचा कितवा भाग उघडे होते), अॅपर्चर (लेन्समधले भोक किती उघडले होते) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) कार्डावर नोंदलेले असतात. ते न पाहताच लोक लेन्सला दोष देतात. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा संध्याकाळी सहज १/२०० किंवा १/२५० पर्यंत खाली येतो, कारण समोर घोडा आहे की वडाचे झाड हे त्याला कळत नाही.

साधा हिशोब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारा घोडा सेकंदाला सुमारे ११ मीटर जातो. म्हणजे १/२५० सेकंदात तो साडेचार सेंटिमीटर सरकतो, आणि १/१००० सेकंदात जेमतेम एक सेंटिमीटर. साडेचार सेंटिमीटर म्हणजे घोड्याच्या डोळ्यापेक्षा जास्त, तेव्हा डोळा पुसला जाणारच. दोराचे टोक तर घोड्याहूनही वेगाने फिरते, त्यामुळे १/१००० वर त्याची कड किंचित पुसट राहते. ते चालते, ती कड फासाला गती देते. शक्य असेल तेव्हा १/१००० आणि कडक उन्हात १/१६०० ठेवावे. ‘माझ्या लेन्समध्ये स्थिरीकरण आहे’ हे उत्तर इथे लागू पडत नाही, कारण ते आपला हात सावरते; घोड्याला थांबवत नाही.

आता ‘पहिले फोटो चांगले, शेवटचे खराब’ या लक्षणाकडे येऊ. ४ जुलैच्या आसपासच्या दिवसांना रोडिओवाले ‘काऊबॉय ख्रिसमस’ म्हणतात, कारण त्या काही दिवसांत ठिकठिकाणी इतके रोडिओ असतात की स्पर्धक रात्रभर गाडी हाकत एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. तेव्हा आमच्याकडे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. साडेसातला सुरू झालेल्या रोडिओत बेअरबॅकचे (खोगिराविना स्वारी करायचे) घोडे उन्हात उधळतात, रोपिंग संधिप्रकाशात होते, आणि बुल रायडिंग जवळजवळ नेहमीच शेवटी असल्यामुळे ते पूर्ण दिव्यांखाली येते. कॅमेरा तोच, माणूस तोच, पण प्रकाश कित्येक पटींनी उतरलेला असतो. म्हणून मी शटर १/१०००, अॅपर्चर जितके उघडेल तितके, आणि आयएसओ ऑटो अशी रचना सुरुवातीलाच लावतो, आणि आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवतो. नव्या लोकांना आयएसओची भीती वाटते आणि ते ८०० वर अडून बसतात. फोटोतला रवा, म्हणजे आयएसओ वाढवल्यावर येणारे दाणे, नंतर थोडाफार कमी करता येतो. पुसलेला डोळा कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. अंधारा फोटो घरी जाऊन उजळू, हा विचारही सोडावा, कारण तेव्हा रवा तेवढाच दिसतो आणि रंग मातकट होतात ते वेगळेच.

फ्लॅश वापरू नये. अनेक ठिकाणी त्याला मनाई असते, आणि जिथे नसते तिथेही उधळलेल्या जनावरावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर प्रकाश मारणे बरे नव्हे.

फोकस आणि कुंपण

ठिपके गोल झालेले दिसले असतील तर शटरच्या मागे लागू नका. आधी कॅमेरा सतत फोकस करणाऱ्या पद्धतीवर आहे का ते पाहा. निकॉनमध्ये तिला एएफ-सी आणि कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांत एआय सर्व्हो म्हणतात. एकदाच फोकस करून थांबणाऱ्या पद्धतीवर आपण बटण अर्धे दाबल्यापासून पूर्ण दाबेपर्यंत घोडा दोन मीटर पुढे गेलेला असतो. त्यानंतर, फोकसचे सगळे बिंदू चालू ठेवण्याऐवजी मधला एकच बिंदू किंवा त्याच्याभोवतीचा लहान गट निवडा. सगळे बिंदू चालू असले की कॅमेरा सर्वात जवळची किंवा सर्वात ठळक रेघ पकडतो, आणि रोडिओत ती रेघ हमखास कुंपणाची असते. बैलगाडा शर्यतीच्या घाटात फोटो काढणाऱ्या मित्रांना हे वेगळ्या रूपात माहीत असेल: बैल टिपायचे असतात आणि फोकस पुढच्या घोडीवर जाऊन बसतो.

बिंदू कुठे ठेवायचा यालाही महत्त्व आहे. काळ्या किंवा गडद तपकिरी घोड्याच्या बरगडीवर फोकसला धरायला काहीच सापडत नाही आणि लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते. घोड्याच्या छातीवरचा चामडी पट्टा किंवा स्वाराच्या शर्टाची बटणपट्टी धरली की ते चाचपडणे बऱ्याच अंशी थांबते.

कुंपण टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बाकांच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर चढून सर्वात वरच्या पाइपावरून फोटो काढणे. यात पाठीमागे प्रेक्षक आणि गाड्यांऐवजी बरीचशी मातीच येते, जो मला फायदाच वाटतो. दुसरा म्हणजे कुंपणाच्या अगदी जवळ उभे राहून दोन आडव्या पाइपांमधल्या फटीतून पाहणे. मात्र लेन्सचे तोंड पाइपाच्या आतल्या बाजूला कधीही जाऊ देऊ नये. धावता गोऱ्हा कुंपणाला घासून जातो तेव्हा त्याचा आवाज आधी येत नाही.

उभे कुठे राहिलात

या एका मुद्द्यावर मी सर्वाधिक वेळ घालवतो, कारण इथे एक पैसाही न लागता सर्वात जास्त फरक पडतो, आणि त्यासाठी कॅमेऱ्यापेक्षा खेळ समजावा लागतो.

टीम रोपिंग घ्या. गोऱ्ह्याला ज्या अरुंद कप्प्यातून सोडतात त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्वार आपापल्या बॉक्समध्ये उभा असतो. डावीकडचा हेडर, तो शिंगांवर फास टाकतो. उजवीकडचा हीलर, तो मागचे दोन्ही पाय धरतो, आणि एकच पाय सापडला तर पाच सेकंदांचा दंड बसतो. गोऱ्ह्याला ठरलेली आघाडी मिळण्याआधी हेडर बॉक्सबाहेर पडला तर दहा सेकंदांचा दंड होतो. शिंगे सापडली की हेडर खोगिराच्या हॉर्नला (पुढच्या खुंटीला) दोराचे वेढे देतो आणि घोडा डावीकडे वळवतो. त्याबरोबर गोऱ्हाही डावीकडे वळतो, त्याचे मागचे पाय उड्या मारू लागतात आणि हीलर नेमका त्या वेळी आपला फास टाकतो.

‘डावीकडे’ या शब्दात फोटोग्राफरचे सगळे गणित आहे. बॉक्सच्या बाजूने पाहता रिंगणाच्या डाव्या कुंपणापाशी, साधारण मध्यावर उभे राहिलात तर हेडरचा घोडा तुमच्याकडे वळतो, गोऱ्हा त्याच्यामागून ओढला जातो आणि हीलरचा फास उघडलेला दिसतो. उजव्या कुंपणाशी उभे राहिलात तर संध्याकाळभर घोड्यांचे पुठ्ठे आणि टोप्यांच्या मागच्या बाजू मिळतात. मी पहिला अख्खा हंगाम उजवीकडे उभा होतो, कारण तिथे सावली होती आणि गाडी जवळ लावता येत असे.

टाय-डाऊन रोपिंगमध्ये हिशोब वेगळा आहे. स्वार वासराच्या गळ्यात फास टाकतो, घोड्यावरून उतरून धावतो, वासराला आडवे करतो, कुठलेही तीन पाय बांधतो आणि दोन्ही हात वर फेकतो. त्यानंतर पुन्हा घोड्यावर बसून दोर सैल सोडल्यावर ती गाठ सहा सेकंद टिकावी लागते. मंद, म्हणजे कमी प्रकाश घेणारी, लेन्स असलेल्या नवख्याला मी नेहमी हात वर फेकण्याच्या त्या क्षणापासून सुरुवात करायला सांगतो. माणूस एका जागी असतो, क्षण आधीच कळतो, चेहरा बहुधा वर उठतो, आणि मागे दोर ताणून धरलेला घोडाही चौकटीत येतो.

सूर्य पाठीशी ठेवण्याचा नियम इथेही आहे, पण डावी बाजू आणि सूर्य यांत निवड करायची वेळ आली तर मी डावी बाजू निवडतो. उलट्या प्रकाशात उडणारा धुरळा सोन्यासारखा दिसतो; पुठ्ठा कुठल्याही प्रकाशात पुठ्ठाच दिसतो.

जागेचा प्रश्न सोडवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे ‘स्लॅक’. मुख्य कार्यक्रमात न मावलेल्या स्पर्धकांच्या फेऱ्या वेगळ्या वेळी, बऱ्याचदा सकाळी, घेतात. दोर तोच, घोडे तेच, दिवसाचा उजेड, बाके रिकामी, आणि अनेक ठिकाणी तिकीटही नाही. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये १९०८ साली बांधलेल्या काऊटाऊन कोलिसियम या बंदिस्त रिंगणात शुक्रवारी आणि शनिवारी रात्री रोडिओ असतो आणि प्रेक्षक रिंगणाच्या जवळ बसतात, म्हणून नवख्याला तिथे जाण्याचा मोह होतो. पण दोष शोधायचा असेल तर आधी उघड्यावरच्या उजेडात शोधावा, बंदिस्त रिंगण नंतर. मोठ्या रोडिओंचे कॅमेरा आणि लेन्सविषयी स्वतःचे नियम असतात, ते तिकीट काढण्याआधी वाचावेत. लहान गावात आयोजकांच्या टेबलाशी जाऊन विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता फाटकाशी उभे राहिले तर मात्र हटकतात, आणि ते योग्यच आहे.

मधला क्षण निसटतो तेव्हा

जुने स्वस्त कॅमेरे रॉ (प्रक्रिया न केलेल्या, मोठ्या फाइलच्या) स्वरूपात सलग सहा-सात फोटो काढले की दमतात आणि साठवलेले कार्डावर उतरेपर्यंत थांबतात. स्वार बॉक्समधून निघताच बटण दाबून धरले की फास सुटायच्या वेळी कॅमेरा नेमका गप्प बसतो. जेपेगवर (लहान केलेल्या फाइलच्या स्वरूपात) काढल्यास बरेच जास्त फोटो सलग मिळतात. वेगवान कार्डाचाही उपयोग होतो, पण कॅमेरा तो वेग वापरू शकतो का हे आधी पाहावे. सर्वात मोठा फरक मात्र सवयीने पडतो: फास फिरत असताना बोट आवरावे आणि स्वाराचा कोपर पुढे सरकला की तीन-चार फोटोंची एकच झड घ्यावी.

बेअरबॅक आणि बुल रायडिंगमध्ये प्रकाश कमी असेल तर एक जुनी युक्ती कामी येते. उधळलेले जनावर उडीच्या माथ्यावर क्षणभर जवळजवळ थांबते. तिथे १/५०० वरही स्पष्ट फोटो मिळतो, जो उतरताना मिळणार नाही. स्वारी आठ सेकंदांची असते. पहिल्या दोन उड्या नुसत्या पाहून ताल ओळखावा.

पिवळट-काळपट सरमिसळ

हा कॅमेऱ्याचा दोष नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे रिंगणातले जुन्या पद्धतीचे मोठे दिवे सेकंदाला १२० वेळा मंद-तेज होतात. १/१००० वर प्रत्येक फोटो त्या चढउताराचा वेगळा तुकडा उचलतो. कॅमेऱ्याच्या यादीत फ्लिकर (दिव्यांचे हे मंद-तेज होणे) कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करावी. मग शटर तेज क्षणाची वाट पाहते आणि सलग फोटोंचा वेग थोडा घटतो. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात आडवे पट्टे दिसत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक लावावे. यातले काहीच नसेल तर बॅरल रेसिंगपुरते (पिंपांभोवती घोडा वळवत धावण्याच्या शर्यतीपुरते) १/१२५ वर या आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवा. दिव्याचे जवळजवळ एक पूर्ण आवर्तन त्यात मावते आणि रंग स्थिर होतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर

वरचे सगळे झाले, आणि तरीही अडचण फक्त रात्रीचीच उरली, तर लेन्सचा विचार करण्यात अर्थ आहे. किटबरोबर आलेली झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ वर थांबते (आकडा जितका लहान तितके भोक मोठे), एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स सेकंडहँड शंभर डॉलरच्या आत मिळते, पण ती आखूड पडते. ८५ मिलिमीटरची थोडी महाग असली तरी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर सुमारे १३० मिलिमीटरच्या लेन्ससारखी वागते आणि लहान रिंगणात कुंपणापासून बुल रायडिंगला पुरते. एफ २.८ ची मोठी झूम हवीच असेल तर एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणून पाहावी. माझ्या ओळखीतल्या दोघांनी असे केल्यावर लेन्स घेण्याचा बेत रद्द केला, कारण त्यांचे फोटो भाड्याच्या लेन्सनेही उजव्या कुंपणाजवळूनच काढलेले होते.

शेवटची तपासणी, आणि कुठे थांबायचे

फोकस अजूनही चुकत असेल तर दाराला वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवा, कॅमेरा तिवईवर ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि टायमर लावून दहा फोटो डोळा लावायच्या खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून) फोकस करून आणि दहा मागच्या पडद्यावरून फोकस करून काढा. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवायला विसरू नका. पडद्यावरून काढलेले स्पष्ट आणि खिडकीतून काढलेले पुसट असतील तर कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ चुकला आहे. काही कॅमेऱ्यांत फोकसची बारीक जुळणी यादीतून करता येते, ती जरूर करून पाहावी. मिररलेसमध्ये हा फरक उद्भवत नाही. दोन्ही प्रकारचे फोटो पुसट असतील, किंवा पानाची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट असेल, तर दोष लेन्समध्ये आहे.

इथे थांबावे. लेन्सचे स्क्रू काढू नयेत, आरशाची जुळणी पाना लावून करू नये, आणि सेन्सरवर डबाबंद दाबाची हवा मारू नये, कारण तिच्यातून द्रवाचे थेंब उडतात. सेन्सरवरचा डाग फुंकणीने गेला नाही तर तोही दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. लेन्स फिरवताना वाळूचा करकर आवाज येत असेल, कॅमेरा पडला असेल, आत बुरशीचे जाळे दिसत असेल किंवा पडद्यावर वारंवार त्रुटीचा संदेश येत असेल, तर वरच्या तपासण्यांतही वेळ घालवू नये. दुरुस्तीचा खर्च आधी लेखी मागावा. तो त्याच लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर मी दुरुस्ती करत नाही. दुकानात जाताना वर्तमानपत्राचे ते वीस फोटो कार्डावर मूळ स्वरूपात न्यावेत आणि कॅमेरा व लेन्स दोन्ही बरोबर द्यावेत. मी एकदा नुसती लेन्स दिली होती. ती त्यांच्या कॅमेऱ्यावर व्यवस्थित चालली, आणि तपासणीचे चाळीस डॉलर भरून मी तशीच घरी आणली.